उमेदवार ‘उच्चभ्रू’ ठरतो तो नेमका कशामुळे? २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय प्रचाराविषयी एक प्रश्न

मृद्गंध:

नमस्कार. अमेरिकेतील २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीविषयी सध्या वाचन सुरू आहे. त्यातली एक गोष्ट काही केल्या उलगडत नाही, म्हणून ती येथील जाणकारांपुढे ठेवते.

६ एप्रिल २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये निधी जमवण्यासाठी झालेल्या एका खासगी कार्यक्रमात बराक ओबामा यांनी पेनसिल्व्हेनियातील लहान शहरांविषयी काही विधाने केली. त्यांचा आशय असा होता, की या शहरांतले रोजगार पंचवीस वर्षांपूर्वी गेले आणि त्यांच्या जागी दुसरे काही आले नाही. एकामागून एक सरकारांनी आश्वासने दिली आणि ती पाळली गेली नाहीत. तेव्हा तिथली माणसे कडवट झाली आणि बंदूक, धर्म, आपल्यासारखे नसलेल्यांविषयीची अढी, स्थलांतरितांना किंवा परदेशी व्यापाराला विरोध यांना घट्ट धरून बसली, यात नवल नाही. कार्यक्रम पत्रकारांसाठी खुला नव्हता. मात्र मेहिल फाउलर या नागरिक-पत्रकार बाईंनी, ज्या स्वतः ओबामांच्या देणगीदार होत्या, ते बोलणे ध्वनिमुद्रित केले होते आणि ११ एप्रिलला ते ‘हफिंग्टन पोस्ट’वर प्रसिद्ध झाले. पुढच्याच दिवशी, डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी ओबामांशी स्पर्धा करणाऱ्या हिलरी क्लिंटन यांनी हे उद्गार उच्चभ्रू आणि जनतेपासून तुटलेल्या माणसाचे आहेत, असे जाहीर सभेत सांगितले. रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅकेन यांच्या प्रचारकांनीही हाच शब्द उचलला. त्यानंतर कितीतरी दिवस वाहिन्यांवर आणि स्तंभांतून एकच चर्चा चालू राहिली, की ओबामा उच्चभ्रू आहेत काय.

माझा गोंधळ इथून पुढचा आहे. ओबामा यांना मुख्यतः आईने आणि आजीआजोबांनी वाढवले. शिक्षणासाठी काढलेले कर्ज फिटून त्यांना तेव्हा जेमतेम काही वर्षे झाली होती. २००७ साली पुस्तकांच्या विक्रीमुळे त्यांचे उत्पन्न चाळीस लाख डॉलरच्या वर गेले हे खरे. पण त्याच एप्रिल महिन्याच्या सुरुवातीला क्लिंटन दांपत्याने आपली करविवरणपत्रे जाहीर केली, त्यांनुसार २००० सालापासून त्यांनी सुमारे १० कोटी ९० लाख डॉलर कमावले होते. मॅकेन यांचे वडील आणि आजोबा दोघेही नौदलात ॲडमिरल होते आणि पत्नी बिअरच्या वितरणाचा मोठा व्यवसाय असलेल्या घराण्यातली होती. ऑगस्टमध्ये ‘पोलिटिको’च्या वार्ताहरांनी त्यांना तुमची घरे किती, असे विचारले, तेव्हा कर्मचाऱ्यांना विचारून सांगतो, असे उत्तर त्यांनी दिले. संपत्ती ही कसोटी मानली, तर तिघांपैकी सर्वांत कमी श्रीमंत माणसावर हा आरोप सर्वांत घट्ट का चिकटला? शिक्षण ही कसोटी मानली, तर ओबामा हार्वर्डचे आणि हिलरी येलच्या, दोघेही वकील. मग फरक कुठे राहिला?

दुसरा प्रश्न भाष्यकारांविषयी आहे. एखादा उमेदवार सामान्य माणसापासून दुरावला आहे, असा निवाडा देण्याचा अधिकार न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या स्टुडिओत बसलेल्यांकडे कसा आला? त्यांचे म्हणणे मतदारांना पटते की केवळ त्यांचे त्यांनाच? कृपया कोणत्याही पक्षाची बाजू लढवण्यापेक्षा ही यंत्रणा कशी चालते, ते सांगावे.

चारुदत्त:

मृद्गंध, प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे मूळ २००८ च्या बरेच मागे जाते. संपत्तीचा या आरोपाशी थेट संबंध नाही, हे अमेरिकेने १८४० मध्येच दाखवून दिले होते.

त्या वर्षी व्हिग पक्षाचे उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन होते आणि त्यांच्यासमोर विद्यमान अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन उभे होते. विरोधी मताच्या एका बाल्टिमोरच्या वृत्तपत्राने हॅरिसन यांची टवाळी करताना लिहिले, की या गृहस्थांना सायडरचे पिंप आणि थोडे निवृत्तिवेतन द्या, म्हणजे ते ओंडक्यांच्या झोपडीत उरलेले आयुष्य सुखाने काढतील. व्हिग पक्षाने ही टवाळीच उचलून आपले बोधचिन्ह केले. मिरवणुकांतून ओंडक्यांच्या झोपड्या निघाल्या, पिंपे फुटली आणि हॅरिसन सीमेवरचे साधे शेतकरी म्हणून देशभर प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षात ते व्हर्जिनियातील एका बड्या जमीनदार घराण्यात जन्मले होते आणि त्यांच्या वडिलांची सही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आहे. उलट व्हॅन ब्युरेन हे किंडरहूक गावातल्या एका खानावळवाल्याचे चिरंजीव. पण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी चार्ल्स ओगल यांनी सभागृहात लांबलचक भाषण करून अध्यक्षांच्या निवासस्थानातील सामानसुमानाची, सोन्याच्या चमच्यांपर्यंतची यादी वाचली आणि खानावळवाल्याचा मुलगा चैनी सरदार ठरला. १८३७ च्या मंदीने लोक आधीच होरपळलेले होते, त्यामुळे हे चित्र मनात रुजायला वेळ लागला नाही. हॅरिसन २३४ विरुद्ध ६० अशा निर्वाचक मतांनी जिंकले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९५२ मध्ये ॲडलाय स्टीव्हन्सन यांची भाषणे विद्वत्तापूर्ण असत, म्हणून त्यांच्या चाहत्यांनाही ‘अंडाडोके’ (एगहेड, म्हणजे पुस्तकी विद्वान) म्हटले जाऊ लागले. १९८८ मध्ये थोरले जॉर्ज बुश यांनी मायकेल डुकाकिस यांचे परराष्ट्र धोरण हार्वर्डच्या आवारातील एखाद्या फॅशनेबल दुकानात जन्मल्याची टीका केली. टीका करणारे बुश एका सिनेटरचे पुत्र आणि येलचे पदवीधर होते. डुकाकिस यांचे आईवडील ग्रीक स्थलांतरित होते. २००४ मध्ये तर दोन्ही उमेदवार येलचे आणि दोघेही तिथल्या एकाच गुप्त विद्यार्थी मंडळाचे सभासद होते. तरीही शिडाच्या फळीवरून समुद्रात फिरणारे जॉन केरी तेवढे उच्चभ्रू आणि टेक्सासच्या रँचवर झुडपे तोडणारे धाकटे बुश मात्र आपल्यातले, अशी वाटणी झाली. आदल्या वर्षी केरींनी फिलाडेल्फियात तिथल्या प्रसिद्ध चीजस्टेक सँडविचवर रिवाजाबाहेरचे स्विस चीज मागितले, त्याचीही बातमी झाली होती. मतदाराला कोणाबरोबर बिअर प्यायला आवडेल, हा त्या निवडणुकीतला भाष्यकारांचा लाडका प्रश्न होता. बुश यांनी १९८६ मध्येच दारू सोडली होती, ही गोष्ट त्या प्रश्नाच्या आड आली नाही.

माझे मत असे, की हा आरोप उमेदवाराच्या जन्मावर किंवा बँकेतल्या शिलकीवर आधारलेला नसतो. या देशात श्रीमंतीचा राग फारसा कोणी करत नाही. आपल्यालाही ती मिळेल, अशी आशा बहुतेकांना असते. राग येतो तो आपली आवडनिवड, आपला धर्म, आपले बोलणे खालच्या दर्जाचे आहे, असे कोणीतरी मनात धरून आहे या जाणिवेचा. अब्जाधीश डोनाल्ड ट्रम्प २०१६ च्या निवडणुकीसाठी सोनेरी सजावटीच्या मनोऱ्यातून उतरून आले, तरी त्यांच्या मतदारांना ते परके वाटले नाहीत, कारण ते त्यांच्या आवडीनिवडींना नाके मुरडत नव्हते.

वाटसरू:

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. २००८ च्या प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या, वेळी ओबामांच्या प्रचारात स्वयंसेवक म्हणून जॉन्सटाउनच्या परिसरात दारोदार फिरलो होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

जॉन्सटाउन हे पोलादावर उभे राहिलेले शहर. नदीच्या काठाने मैलोन्मैल कारखान्याच्या शेड होत्या. बेथलेहेम स्टीलने तिथले काम हळूहळू आवरत आणले आणि १९९२ मध्ये कारखाना कायमचा बंद केला. आम्ही गेलो तेव्हा त्यातल्या काही शेड रिकाम्या उभ्या होत्या आणि टेकडीवरच्या गल्ल्यांमध्ये दर चार-पाच घरांमागे एक घर बंद होते. पंचवीस वर्षांत काही आले नाही, हे ओबामांचे वाक्य तिथे कोणी खोडून काढले नसते.

ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यानंतरच्या शनिवारी आम्ही एका निवृत्त कामगाराच्या दारावर गेलो. त्यांनी आम्हाला मागच्या दाराने स्वयंपाकघरात बोलावले, कारण पुढचा ओटा दुरुस्तीला काढला होता. टेबलावर औषधांची सात खणांची डबी होती आणि तिच्याशेजारी कारखान्याच्या कामगार संघटनेचा जुना बिल्ला, ज्यात आता ते किल्ल्या अडकवत. मला वाटले होते, की कडवट हा शब्द त्यांना लागला असेल. त्यांनी तो शब्द सरळ मान्य केला. आम्ही कडवट आहोत, नसतो तर वेडे ठरलो असतो, असे ते म्हणाले. त्यांना लागले होते ते दुसरेच. ते म्हणाले, “कारखाना बंद झाला म्हणून मी चर्चला जायला लागलो नाही. कारखाना तीन पाळ्यांत चालू होता, तेव्हाही जात होतो.” बंदुकीचेही तेच. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होई, त्या दिवशी तिकडच्या शाळांनासुद्धा सुटी असे. वडिलांच्या आणि मुलाच्या आयुष्यातला तो मोठा दिवस. नोकरी गेल्याचे दुःख विसरण्याचे ते औषध आहे, असे कोणी दूर कॅलिफोर्नियात बसून ठरवावे, हे त्यांना सहन होत नव्हते.

निरोप घेताना ते आणखी एक बोलले, ते आजही माझ्या लक्षात आहे. ते म्हणाले, की त्याने हे इथे, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या तोंडावर सांगितले असते, तर आम्ही वाद घातला असता आणि कदाचित मी त्याला मतही दिले असते. पण त्याने ते तिकडच्या पैसेवाल्यांना सांगितले.

मृद्गंध, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला या वाक्यात दिसते. या जातीची जी विधाने गाजली, ती कुठे केली गेली, ते पाहा. ओबामांचे सॅन फ्रान्सिस्कोतल्या देणगीदारांपुढे. २०१२ चे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांचे ४७ टक्के जनता सरकारवर अवलंबून आहे आणि ती मला मत देणार नाही, हे विधान मे २०१२ मध्ये फ्लोरिडातील बोका रेटन येथे, तेही देणगीदारांच्याच मेजवानीत. हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना शोचनीय लोकांच्या टोपलीत टाकले, ते ९ सप्टेंबर २०१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये, पुन्हा निधी जमवण्याच्याच कार्यक्रमात. पक्ष वेगळे, माणसे वेगळी, पण प्रसंगाची ठेवण एकच. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना उमेदवार समजावून सांगत असतो, की जे इथे हजर नाहीत ते असे का वागतात. कितीही सहानुभूतीने बोलले, तरी ज्याच्याविषयी बोलणे चालते, तो तृतीय पुरुषी झालेला असतो. ओबामांचे वाक्य तर सहानुभूतीचेच होते, असे मी अजूनही मानतो. देणगीदारांनी या लोकांना वंशद्वेष्टे म्हणून मोडीत काढू नये, असाच त्यांचा रोख होता. तरीही त्या गृहस्थांचा राग मला खोटा वाटला नाही, आणि तो वाहिन्यांनी पेटवलेलाही नव्हता.

शर्वरी:

चारुदत्त आणि वाटसरू यांचे विवेचन मोलाचे आहे, परंतु त्यात एक बाजू पूर्णपणे राहून गेली आहे आणि तिच्याशिवाय २००८ समजणार नाही.

ओबामा हे एका प्रमुख पक्षाच्या उमेदवारीच्या इतके निकट पोहोचलेले पहिले कृष्णवर्णीय राजकारणी होते. अमेरिकेच्या दक्षिणेत शिकलेल्या, नीटनेटक्या, आत्मविश्वासाने बोलणाऱ्या कृष्णवर्णीयाला पायरी सोडून वागणारा म्हणण्याची फार जुनी आणि फार क्रूर परंपरा आहे. पायरी सोडल्याची शिक्षा तिथे अनेकांनी जिवाने भोगली. म्हणून उद्धटपणाचा आणि स्वतःला मोठे समजण्याचा आरोप केरींवर झाला तेव्हा त्याचा जो अर्थ होता, तोच ओबामांच्या बाबतीत राहत नाही. हे माझे अनुमान नव्हे. सप्टेंबर २००८ मध्ये जॉर्जियाचे काँग्रेस सदस्य लिन वेस्टमोरलँड यांनी ओबामा पतिपत्नींविषयी बोलताना उच्चभ्रू वर्ग आणि पायरी सोडलेले, या दोन्ही कल्पना एकाच वाक्यात जोडल्या. त्याआधी ऑगस्टमध्ये, मॅकेन यांच्या प्रचाराने ओबामांना तारणहाराच्या थाटात दाखवणारी जाहिरात काढली तेव्हा, दक्षिणेत वाढलेले आणि दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांचे सल्लागार राहिलेले डेव्हिड गर्गन यांनी दूरचित्रवाणीवर स्पष्ट सांगितले होते, की दक्षिणेतल्या माणसाला या जाहिरातीतला संकेत लगेच कळतो.

वाटसरूंना भेटलेल्या गृहस्थांच्या मनात हे असेल, असा माझा मुळीच आरोप नाही. परंतु तिघांपैकी सर्वांत कमी श्रीमंत माणसावरच आरोप का चिकटला, हा मूळ प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरात वर्णाचा उल्लेख टाळला, तर ते उत्तर अपुरे आहे असे मी म्हणेन.

मृद्गंध:

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. शर्वरीताई, तुमचा मुद्दा मी वाचलेल्या बहुतेक लेखांत तळटीपेसारखा येतो, त्याला इतके महत्त्व दिलेले प्रथमच वाचले. वाटसरू, तुम्ही सांगितलेले वाक्य मी वडिलांना वाचून दाखवले.

एक विचारावेसे वाटते. वाटसरू म्हणतात त्याप्रमाणे राग खरा होता, तर मग भाष्यकारांचा या सगळ्यात वाटा कोणता? ते केवळ निरोप पोहोचवणारे होते काय? आणि त्या विधानामुळे मतदानात प्रत्यक्ष काही बदलले काय?

अवलोकिता:

भाष्यकारांविषयी मी लिहिते. गेली अनेक वर्षे या विषयाचा पाठपुरावा केला आहे आणि त्याविषयी मला मनापासून तळमळ वाटते, त्यामुळे प्रतिसाद लांबला तर क्षमस्व.

आधी दिनदर्शिका पाहावी. २००८ मध्ये मिसिसिपीची प्रायमरी ११ मार्चला झाली आणि त्यानंतरची पेनसिल्व्हेनियाची थेट २२ एप्रिलला. मधल्या सहा आठवड्यांत कुठेही मतदान नव्हते, म्हणजे मोजायला मते नव्हती आणि सांगायला निकाल नव्हता. १९८० मध्ये सीएनएन आणि १९९६ मध्ये फॉक्स न्यूज व एमएसएनबीसी सुरू झाल्यापासून दिवसाचे चोवीस तास भरावे लागत होते आणि ते भरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे चार माणसे टेबलाभोवती बसवून त्यांना बोलते ठेवणे. वार्ताहराला जॉन्सटाउनला पाठवायचे, तर विमान, हॉटेल, छायाचित्रकार आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. ओबामा संत्र्याचा रस पितात की कॉफी, यावर मत द्यायला काहीच लागत नाही, आणि त्या एप्रिलमध्ये ख्रिस मॅथ्यूज यांच्या कार्यक्रमात त्यावर खरोखरच चर्चा झाली.

अल्टूनाचा प्रसंग घ्या. २९ मार्चला ओबामा तिथल्या एका बोलिंगच्या सभागृहात गेले. सोबत पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर बॉब केसी होते. ओबामांनी कित्येक वर्षांत चेंडू हातात धरलेला नव्हता. सात फेऱ्यांत अवघे ३७ गुण झाले आणि काही चेंडू सरळ बाजूच्या पन्हळीत गेले. हजर असलेले लोक हसले, फोटो काढून घेतले, मुलांना पुढे केले. तिथे कोणाचा अपमान झालेला नव्हता. दोन दिवसांनी मात्र ‘एमएसएनबीसी’च्या सकाळच्या कार्यक्रमात याच ३७ गुणांवरून कष्टकरी गोऱ्या पुरुषांची मते हा माणूस कशी मिळवणार, असा प्रश्न निघाला. जे सभागृहात घडले आणि जे स्टुडिओत ठरले, त्यांतले हे अंतर हाच भाष्यकारांचा वाटा आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचे उद्गार याच तापलेल्या वातावरणात येऊन पडले. वडिलांनी आपल्याला पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनजवळच्या तळ्याकाठी बंदूक चालवायला शिकवल्याची आठवण हिलरींनी १२ एप्रिलला सांगितली आणि त्याच रात्री इंडियानातील क्राउन पॉइंट येथे कॅमेऱ्यांसमोर व्हिस्कीचा एक घोट घेतला. १६ एप्रिलला फिलाडेल्फियात एबीसी वाहिनीवर वादसभा झाली, तेव्हा चार्ल्स गिब्सन आणि जॉर्ज स्टेफनोपोलस यांनी सुमारे निम्मा वेळ हे उद्गार, ओबामांचे धर्मगुरू, कोटाला लावायची ध्वजाची पिन आणि बॉस्नियाविषयीचे हिलरींचे चुकीचे कथन यांवर घालवला. घरे जप्त होत होती, वित्तसंस्था डळमळत होत्या, बेअर स्टर्न्स ही बडी गुंतवणूक बँक महिन्याभरापूर्वीच कोसळली होती. लहान शहरांतल्या माणसांचा अपमान झाला म्हणून पाच दिवस बोलणाऱ्यांनी त्या माणसांच्या नोकऱ्यांविषयीचा प्रश्न अर्ध्या कार्यक्रमानंतर विचारला. मला या सगळ्यातली ही सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

भाष्यकारांना ही घाई का असते, याचे एक कारण जुने आहे. १३ नोव्हेंबर १९६९ रोजी डे मॉइन येथे उपाध्यक्ष स्पिरो ॲग्न्यू यांनी दूरचित्रवाणीच्या भाष्यकारांवर जाहीर हल्ला चढवला. मूठभर, कोणीही न निवडलेले, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या चार गल्ल्यांत राहणारे आणि एकमेकांचेच लेख वाचणारे लोक देशाचे मत घडवतात, असा त्यांचा आरोप होता. हेतू राजकीय होता, अध्यक्ष निक्सन यांच्या व्हिएतनामवरील भाषणाची चिरफाड झाल्याचा तो सूड होता. पण आरोपातला भूगोल खरा होता आणि म्हणूनच तो लागला. तेव्हापासून उमेदवारावर उच्चभ्रूपणाचा शिक्का मारणे हा भाष्यकाराला स्वतःवरचा तोच शिक्का पुसण्याचा सोपा उपाय झाला, असे मला वाटते. जून २००८ मध्ये स्तंभलेखक डेव्हिड ब्रुक्स म्हणाले, की ॲपलबीजच्या सॅलड बारपाशी ओबामा सहज मिसळून जातील असे वाटत नाही. ॲपलबीजमध्ये सॅलड बार नसतोच, हे त्या उपाहारगृहात कधीही जेवलेल्या कोणालाही ठाऊक होते.

वाटसरूंनी तृतीय पुरुषाचा मुद्दा मांडला, तो मला इथे तंतोतंत लागू वाटतो. देणगीदारांपुढे उमेदवाराने जे केले, तेच भाष्यकार रोज रात्री करत होते. हजर नसलेल्या मतदाराच्या वतीने ते रागावत, त्याला काय आवडते ते सांगत, त्याच्या तोंडी वाक्ये घालत. फरक इतकाच, की उमेदवाराला नंतर त्या दारावर जावे लागते, आणि तसे न जाण्याची मुभा भाष्यकाराला असते. सेंट पॉल येथील रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात अलास्काच्या गव्हर्नर आणि मॅकेन यांच्या जोडीच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन यांनी स्क्रँटनमध्ये एक आणि सॅन फ्रान्सिस्कोत दुसरेच बोलणाऱ्या उमेदवाराचा समाचार घेतला, तेव्हा सभागृह टाळ्यांनी दणाणले. परंतु त्यांच्या पक्षाच्या राष्ट्रीय समितीने त्यांच्या पोशाखांवर सुमारे दीड लाख डॉलर खर्च केल्याचे ऑक्टोबरमध्ये उघड झाले आणि भाष्यकारांनी तीच मोजपट्टी, तितक्याच उत्साहाने, उलटी फिरवली. त्या अलास्काच्या कारभारात काय करत होत्या, याला पुन्हा दुय्यम जागा मिळाली.

शर्वरी यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. वर्णाविषयी उघड बोलण्याचे टाळता यावे, म्हणूनही अनेकांना उच्चभ्रू हा शब्द सोयीचा झाला.

चारुदत्त:

शर्वरी यांचा आक्षेप मला मान्य आहे; १८४० ते २००४ ही परंपरा गोऱ्या उमेदवारांची होती आणि ती जशीच्या तशी पुढे ओढता येत नाही.

अवलोकिता यांच्या एका मुद्द्याला मात्र थोडी पुरवणी जोडतो. खाण्यापिण्याच्या आणि खेळाच्या गोष्टी निरर्थक आहेत, असे म्हणून त्या सोडून देता येणार नाहीत. मतदाराला धोरणांचे सगळे तपशील तपासायला सवड नसते; हा माणूस आपले ऐकून घेईल काय, याचा अंदाज तो बारीकसारीक वागण्यावरून बांधतो आणि तसा तो बांधण्यात गैर काही नाही. गैर आहे ते हे, की तो अंदाज बांधण्याचे काम भाष्यकारांनी आपल्याकडे घेतले आणि मतदाराला आयता निकाल दिला.

वाटसरू:

मृद्गंध यांनी मतदानाविषयी विचारले होते, ते राहिले. पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी हिलरींनी सुमारे नऊ टक्क्यांच्या फरकाने जिंकली. परंतु हे उद्गार बाहेर येण्यापूर्वीही त्या तिथे आघाडीवरच होत्या. राज्याची लोकसंख्या वयस्कर, कामगारवर्ग मोठा, गव्हर्नर आणि पक्षाची यंत्रणा त्यांच्या बाजूने. नोव्हेंबरमध्ये त्याच पेनसिल्व्हेनियात ओबामांनी मॅकेन यांच्यावर सुमारे दहा टक्क्यांची आघाडी घेतली आणि जॉन्सटाउन ज्या केंब्रिया काउंटीत आहे, तीही जेमतेम का होईना, जिंकली. त्या स्वयंपाकघरातल्या गृहस्थांनी कोणाला मत दिले, ते मी विचारले नाही.

२०१६ मध्ये त्याच काउंटीत सुमारे दोन तृतीयांश मते ट्रम्प यांना पडली. ज्या एका वाक्यावर २००८ मध्ये इतकी चर्चा झाली, त्याच्या पहिल्या अर्ध्या भागाविषयी, म्हणजे गेलेल्या आणि परत न आलेल्या रोजगाराविषयी, मधल्या आठ वर्षांत वाहिन्यांवर किती तास बोलले गेले, याची नोंद कोणी ठेवली असेल, तर ती वाचायला मला आवडेल.